तो नंबर कोणाच्या घरचा?

गेल्या सोमवारी आमच्या ग्रामसभेत मी उभी राहून बोलले. मला ओळखणाऱ्यांना ही बातमीच वाटेल... लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण गावातल्या कुठल्याही सभेत मी तोंड उघडलं नव्हतं.

किन्हवलीपासून थोडं आत आमचं गाव. गावात आणि वरच्या दोन पाड्यांवर इंटरनेटची लाइन माझ्या मिस्टरांनी टाकली. ते जाऊन सात महिने झाले. आता लाइन मी चालवते... खांबावर चढायला वायरमन येतो, बाकी सगळं मी बघते.

जायच्या आधी त्यांनी एक मोठं काम पूर्ण केलं होतं. पूर्वी अख्ख्या गावाचं नेट बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसायचं, पाड्यावरच्या सगळ्यांची पत्रं एका दुकानाच्या पत्त्यावर यायची ना, तसं. कोणी एकाने कुठे उपद्व्याप केला की त्या साइटवर सगळं गाव बंद... दोनदा झालं होतं असं.

मग नवीन पद्धत आली, आयपीव्ही सिक्स. यात प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणजे एक लांबलचक नंबर. पत्ता वेगळा झाला की ज्याने त्याने आपलं दारही नीट लावायला हवं, म्हणून हे घरोघर जाऊन राउटरची सेटिंग करत बसायचे. कोणत्या घराला कोणता नंबर ते सगळं एका वहीत लिहिलं. वही कपाटात त्यांच्या शर्टांखाली आहे... शर्ट मी अजून हलवलेले नाहीत.

तर झालं असं, की गावच्या नळयोजनेचं पाणी एका फार्महाऊसकडे वळवलंय अशी तक्रार कोणीतरी सरकारी पोर्टलवर केली. नाव न देता, पण फोटोसकट. फार्महाऊस निघालं उपसरपंचांच्या पाहुण्यांचं.

आठवड्याभरात उपसरपंच आमच्या ओटीवर. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर एक लांबलचक नंबर... तक्रार जिथून गेली त्या घरचा. कुठून तरी ओळखीने मिळवलेला.

"वयनी, वहीत बघून फक्त घर सांगा. गावाच्या सुरक्षेचा प्रश्न हाय."

मी म्हटलं, उद्या सांगते. ते गेल्यावर वही काढली... बघायला नको होतं, पण बघितलं. नंबर लगेच सापडला.

घर कोणतं ते इथेही लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्या घरच्यांचा दाखला, त्यांचं घरकुल, सगळे कागद या उपसरपंचांच्याच हाताखालून जातात. मी नाव सांगितलं असतं तर त्यांना गावात राहणं अवघड झालं असतं.

उद्याचा परवा झाला, तेरवा झाला. मिस्टरांचाच राग आला... जुनंच बरं होतं, एका पत्त्यात सगळे लपलेले! मग वाटलं, लपलेले होतो तसे एकाच्या चुकीत सगळे अडकतही होतो. आता प्रश्न एवढाच, की घराघराची ही यादी कोणाच्या हातात जाणार.

शेवटी ज्यांच्याकडून आम्ही नेट घेतो, त्या कंपनीच्या कल्याणच्या ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, पोलिसांचं लेखी पत्र आलं तर माहिती आम्ही देऊ, बाकी कोणालाही द्यायची नाही. तेवढ्याने जरा बळ आलं.

सोमवारी सभेत उपसरपंचांनी स्वतःच विषय काढला. "नेटवाल्या वयनी गावाची बदनामी करणाऱ्याला पाठीशी घालतात," म्हणाले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उठले. म्हटलं, "भाऊ, घर कळायला हवं असेल तर लेखी अर्ज द्या. कशासाठी हवं ते विषयात लिहा, खाली सही-शिक्का करा. मी कंपनीला पाठवते."

मागून हशा सुरू झाला. कारण आमच्याकडे साधा गळका नळ दुरुस्त करा म्हटलं तरी हेच उपसरपंच सांगतात, "लेखी द्या."

त्यांनाही चेव आला. ग्रामसेवकांकडून कोरा कागद घेतला, 'प्रति' लिहिलं, तारीख टाकली... आणि 'विषय' पाशी पेन थांबलं. पाणीचोरीची तक्रार करणाऱ्याचं घर समजण्याबाबत... हे स्वतःच्या हाताने, सगळ्या गावासमोर लिहिणार कसं?

पुढच्याच रांगेत सासूबाई. "लिव ना रे! आमाला दर टायमाला लिवाय लावतोस. आता तुला येत नाय का?"

सभेत हशा पिकला. पाड्यावरच्या बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. कागदाची घडी झाली, खिशात गेली... आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आता पाण्याचं बोला!"

मग पाण्याचंच बोलणं झालं. ठराव झाला, सह्या झाल्या. गुरुवारी सगळ्यांसमोर फार्महाऊसचा नळजोड काढला, आणि दुपारी वरच्या पाड्याच्या नळाला अशी धार लागली की बायका कळशा घ्यायच्या आधी धारेखाली हातच धरून उभ्या राहिल्या.

सभेहून परत येताना सासूबाईंनी हळूच विचारलं, "कोनाचं घर होतं गो?"

मी म्हटलं, "तुमच्या मुलाचं अक्षर... काही लागलंच नाही मला."

"त्याचं अक्षर तसलंच," म्हणाल्या. आणि माझा हात धरून चालत राहिल्या.

ज्यांनी ती तक्रार केली ते हे वाचत असतीलच, आणि तेही माझ्याच लाइनवरून. तुमचे मनापासून आभार... फोटो अगदी स्पष्ट आले होते. पुढे अजून काही लिहावंसं वाटलं तर बिनधास्त लिहा. लाइन चालू आहे.