पाच व्होल्टचा पाहुणा

काल नातवाच्या खेळण्यातली चिप जळली आणि त्या कडवट वासासरशी मी थेट तारापूरच्या जुन्या कारखान्यात पोचलो.

तिथे धाग्याची रिळं मोजायला नवी इलेक्ट्रॉनिक कार्डं आली होती, दोनच. मशीनचा सेन्सर चोवीस व्होल्टचा, कार्ड पाच व्होल्टचं. मी नवाकोरा डिप्लोमावाला. एडवणच्या जनूकाकांना, आमच्या जुन्या वायरमनना, “कार्डाला पाचच द्या,” एवढं सांगून मी चहाला गेलो. परतलो तर धूर! काकांनी सेन्सरची तार थेट कार्डाला जोडली होती.

“काका, पाच सांगितले होते!”

“चोवीस हायेत ना? आमच्यात पावण्याला मोजून वाडत नाय.”

तेव्हा संतापलो. आज वाटतं, चूक माझीच. आकडा सांगितला, कारण सांगितलंच नाही.

दुसरं कार्ड जळलं असतं तर नोकरीही गेली असती. मी मधे ऑप्टोकपलर, म्हणजे वीज अडवून फक्त इशारा पुढे पाठवणारा चिमुकला भाग, बसवला आणि या वेळी समजावलं, “इकडे दिवा लागतो, तिकडे तो नुसता दिसतो. मधे तार नाही.”

“म्हंजे होडीवरची बत्ती. किनाऱ्याला दिसते, पन किनारा जळत नाय.”

इतकं सोपं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. रिळं मोजली जाऊ लागली.

दुपारी काकांनी डबा उघडला आणि माझ्या भाकरीवर तळलेले बोंबील रचत सुटले. चौथ्याला मी हात आडवा धरला, “बस, काका!”

“गप खा,” ते म्हणाले, “तू काय कार्ड हायस?”