बोळाच्या तोंडाशी बसणारे आबाजी

आबाजी आमच्या बोळात राहायला आले ते चौऱ्याण्णव साली, दिवाळी झाल्यावर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागून त्यांचं गाठोडं घेऊन महिपती, त्यांचा मुलगा. महिपती आमचा भाडेकरू. एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होता आणि आमच्या घराच्या तळातल्या एका खोलीत बायको कांता नि तान्ह्या मुलासह राहायचा. त्या खोलीत आता म्हातारे वडीलही आले.

बारामतीच्या कसब्यातला आमचा पिंजारी बोळ इतका अरुंद, की समोरच्या खिडकीतून दिलेली साखरेची वाटी आपल्या खिडकीत बसून घेता यायची. एका घरात मिरचीची फोडणी बसली की सगळा बोळ खोकायचा. कुणाच्या सुनेला उलट्या होतायत ही बातमी तिच्या सासूच्या आधी शेजारणीला कळायची. बोळाचं एक टोक भिंतीनं बंद, दुसरं कऱ्हा नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर उघडणारं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मलाही वर्षभर गुदमरल्यासारखं व्हायचं. आबाजींचा जन्म तर मोरगावकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेला. बायको वारली, पाठोपाठ पाऊस रुसला, आणि महिपतीनं सगळी मेंढरं विकून टाकली. म्हाताऱ्याला एकट्याला ठेवायचं कुठं, म्हणून इकडं आणलं.

खोलीत त्यांचा जीव रमेना. ते दिवसभर बाहेरच्या ओट्यावर पाय पसरून बसायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाय ओलांडून जावं लागायचं. बोलणं तर असं, की जणू पलीकडच्या टेकडीवर कुणी उभं आहे. सकाळी कांताला चहा मागितला की वर आमच्या देवघरात ऐकू यायचं.

माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, घराच्या मालकीण. त्यांनी एकदा जिन्यातून खाली वाकून सांगितलं, "आबा, जरा हळू बोलत जावा की. समद्यास्नी ऐकू जातंय."

आबाजी दचकून उभे राहिले. "व्हय जी. हळू बोलायची सवंच न्हाय. तितं वरडलं तरी कुणी ऐकायला नसायचं."

त्यानंतर ते बोलेनासेच झाले. सासूबाईंना ते लागलं. दुपारी त्या मला म्हणाल्या, "उगंच टोकलं गं मी म्हाताऱ्याला."

त्यांना बोलतं केलं ते पोरांनी. बोळात पोरं मुबलक आणि खेळायला जागा तेवढी आबाजींच्या ओट्यासमोरची. आधी ती घोंगडीला हात लावून पळायची, मग घोंगडीवर बसायला लागली. आमच्या समोर सोपान नि शालन राहायचे. सोपान हमाली करायचा. शालनला त्याच सुमारास एका मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम लागलं. त्यांची छकुली तीन वर्षांची. कामाच्या पहिल्या दिवशी जी शेजारीण तिला सांभाळणार होती तीच माहेरी निघून गेलेली. शालन दारात रडकुंडीला येऊन उभी होती.

आबाजी ओट्यावरून म्हणाले, "जा तू. मी हाय न्हवं हितं."

शालननं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, आणि गेली. संध्याकाळी आली तेव्हा छकुली आबाजींच्या मांडीवर झोपली होती आणि मांडीला मुंग्या आल्या तरी म्हातारा हलला नव्हता.

मग काय, आठवड्याभरात आणखी दोघी-तिघींनी आपली पोरं आणून सोडली. माझा विजयसिंहही जिना उतरून त्यांच्यात जाऊन बसायला लागला. आबाजींनी आपली बैठक ओट्यावरून हलवली आणि थेट बोळाच्या तोंडाशी नेली. तिथं ते आडवी काठी ठेवून बसायचे. आतून पोरगं रस्त्याकडं जाऊ द्यायचे नाहीत, बाहेरून सायकल जोरात आत येऊ द्यायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "आबा, एवढी पोरं, मोजता तरी कशी?"

"मोजायची कशापायी? मेंढरं बी कंदी मोजली न्हाईत. वळखायची. एक तोंड दिसंना झालं की जिवाला कळतंय."

आता ते पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते. सासूबाईंनी त्यावर काही म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि नदीच्या अंगानं घंटांचा आवाज आला. कोकणाकडं निघालेले मेंढपाळ होते. पुढं घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, मागं मेंढरांचा लोंढा. आबाजी उठून उभे राहिले. त्यांनी कांताला हाक मारली, "जरा लक्ष ठिव गं पोरांवर," आणि गेले. कांता आत नळावर भांडी घासत होती. तिला ऐकू आलं नाही, हे नंतर कळलं.

ते नदीच्या काठापर्यंत गेले. एका मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीत हात घातला, मेंढपाळाला गाव विचारलं, पाऊसपाणी विचारलं. फार वेळ नाही. पण परत आले आणि पोरांची तोंडं पाहिली, तर छकुली नव्हती.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. "छकुले!" म्हणून त्यांनी हाक मारली तशी बाजारातली माणसं वळून बघायला लागली. आम्ही घराघरातून धावत खाली आलो. एकही घर असं नव्हतं, की ज्यातलं माणूस बाहेर पडलं नाही. कोपऱ्यावरचा शिंपी मशीन तशीच सोडून सायकलवर भिगवण रस्त्याला गेला. सासूबाई, ज्यांना जिना उतरायचा म्हणजे गुडघे धरायला लागायचे, त्या भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून विचारत फिरत होत्या. सोपान मार्केट यार्डातून धावत आला. शालनला कुणीतरी कारखान्यातून घेऊन आलं. आबाजी अनवाणीच बाजारातून फिरत होते, हाका मारून त्यांचा घसा बसला होता.

उन्हं कलली. पोलिसांत जायचं ठरत होतं, तेवढ्यात नदीच्या बाजूनं एक बाई येताना दिसली. नाकात मोठी नथ, हातभर बांगड्या, आणि कडेवर छकुली, तोंडाला गुळाचा चिकटा. मेंढपाळांतलीच होती ती. छकुली आबाजींच्या मागं गेली होती आणि ते परतले तरी कोकराच्या नादानं कळपाबरोबर चालत राहिली. बाजाराच्या गर्दीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. गावाबाहेर मुक्काम पडल्यावर पोर आपल्यातल्या कुणाचंच नाही हे त्यांना कळलं.

"कुणाची म्हणून इचारलं तर आबाची म्हणतीया," ती बाई म्हणाली. "रस्ताभर आबा कुठं राहत्यात, आबा कुठं राहत्यात इचारीत आले. ज्यो त्यो हितंच बोट दावतोय."

शालननं पोरीला ओढून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून रडायला लागली. आबाजी पुढं झाले. सोपान मधे आडवा आला.

"मेंढरं राखायची सवं तुमची. पोरं कशाला राखताय?" तो म्हणाला.

सगळा बोळ ऐकत होता. त्या बाईला सासूबाईंनी चहा दिला, लुगडं दिलं. ती गेली. आबाजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं कांतानं सांगितलं.

सकाळी पाहते तो, आबाजी गाठोडं बांधून तयार. महिपती कामावर गेला होता. कांता दार अडवून उभी होती. "मामंजी, असं नका करू. आल्यावर ह्यांना काय सांगू मी?"

"गावाकडं गेला म्हणावं. येष्टी मिळतीया मला. हितं माझं काय काम न्हाय आता."

ते बोळातून निघाले. मी जिन्यात उभी होते. बोळाच्या तोंडाशी शालन उभी होती, कामाची साडी नेसलेली, डबा पिशवीत, कडेवर छकुली. वाट इतकी अरुंद, की तिला चुकवून जाणं शक्य नव्हतं.

"आबा, धरा हिला. मला उशीर हुतोय."

आबाजी मागं सरले. "माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, पोरी. कालचं इसरलीस व्हय?"

"न्हाय इसरले. रातभर डोळ्याला डोळा न्हाय." ती म्हणाली. "पर अनोळखी बाईनं कुणाची म्हणून इचारलं, तर पोरीनं माझं नाव न्हाय सांगितलं. तिच्या बापाचं न्हाय सांगितलं. मग मी हिला दुसऱ्या कुणाकडं देऊ?"

"सोपान काय म्हणंल?"

"त्यो घरातच हाय. त्यानंच म्हणलं, जा, दिऊन ये."

आणि तिनं पोरीला त्यांच्या हातात दिलं. काखेतलं गाठोडं खाली पडलं. शालन भराभरा निघाली आणि वळून पाहिलं नाही. छकुलीनं त्यांच्या गळ्याला मिठी घातली. आबाजी तिथंच जमिनीवर बसले आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसत राहिले. कांता येऊन गाठोडं घरात घेऊन गेली.

दोन दिवसांनी सोपान मार्केट यार्डातून फळ्या घेऊन आला आणि बोळाच्या तोंडाला कमरेएवढं फाटक बसवलं. ठोकताना तो आबाजींशी बोलला नाही. पण फळी धरायला त्यानं त्यांनाच बोलावलं.

नव्व्याण्णव साली महिपतीनं गावाबाहेर नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या. पुढं मागं अंगण, वारा, मोकळं आभाळ. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचे दिवस पालटले. बोळातल्या बायकांनी त्यांना ओवाळून टेम्पोत बसवलं. पंधरवडा झाला नसेल, तो आबाजी घोंगडी घेऊन एकटेच पायी परत आले.

सासूबाई म्हणाल्या, "का वो आबा? तितं काय कमी हाय?"

"काय बी कमी न्हाय. लई मोकळं हाय. पर दिसभर माणसाचा आवाज न्हाय कानावर. महिपती कामावर, कांता कामावर, पोरगं शाळंत. माळावर मेंढरं तरी हुती की वो संगती."

सासूबाईंनी जिन्याखालची सरपणाची खोली रिकामी केली आणि मी ती सारवून घेतली. महिपती रागावून न्यायला आला, तासभर बसला आणि एकटाच परत गेला. दर रविवारी कांता मुलाला घेऊन यायची, सासऱ्यांच्या आवडीचं हुलग्याचं माडगं घेऊन. बाकीचे दिवस त्यांचं ताट कुणाच्या घरून जायचं याचा कुणी हिशेब ठेवला नाही.

विजयसिंह, छकुली आणि ती पहिली पोरं तोवर शाळेत जायला लागली होती. दुपारी येताना ती जिन्याखाली दप्तरं टाकायची नि पळायची. आणि आबाजींच्या मांडीवर तेव्हा शिंप्याची नात असायची, दात येत असल्यामुळं अखंड किरकिरणारी. आबाजी तिला थोपटत मोठ्या आवाजात कसलीकसली मेंढरांची नावं सांगायचे. वर झोपलेल्या सासूबाई त्या आवाजानं जाग्या व्हायच्या, कूस बदलायच्या आणि पुन्हा झोपायच्या.