गंजवाल्या काकूंची पारख

परत आलेलं भांडं हातात घेतलं की काकू आधी त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत. मग कान जवळ नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "बोलते." भांडं बोललं की आणणारा सुटला. नाही बोललं तर आणणाऱ्याला बरंच बोलावं लागे.

जुनवानीच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची स्वयंपाकाची भांडी काकूंच्या ताब्यात होती. मोठ्या पातेल्याला आम्ही विदर्भातले लोक गंज म्हणतो. भिलाईत येऊन पिढ्या झाल्या, पोरं घरातसुद्धा हिंदी बोलू लागली, पण स्वयंपाकघरातला हा शब्द काही हलला नाही. त्यावरून त्या गंजवाल्या काकू. कोणाकडे लग्न असो, नामकरण असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, भांडी काकूंकडून जात आणि फुकट जात.

फुकट जात, पण सहजासहजी जात नसत. नवीन माणसाला पहिल्या खेपेला काकू फक्त झारा देत. तुम्ही म्हणाल, लग्नाचा स्वयंपाक काय झाऱ्यात करायचा? तो माणूसही हेच म्हणे. काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "पहिले झारा, मंग गंज." त्यामुळे वस्तीत नव्याने आलेल्या शहाण्या बाया मुलीचं लग्न जमायच्या कितीतरी आधीच, काही गरज नसताना, झारा मागून नेत आणि घासूनपुसून परत आणत.

एकदा मोहन नगरातून आलेला एक माणूस झाकण परत करताना स्वतःच म्हणाला, "काकू, इथी पोचा पडला, आमच्या हातून पडलं." मला वाटलं, आता याची काही खैर नाही. काकूंनी पुढच्या वेळी त्याला सगळ्यांत मोठा गंज दिला. उलट लखलखीत भांडी आणून "काईच नाई झालं" म्हणणाऱ्या बाईला त्यांनी अंगणात उभं ठेवलं आणि एकेक भांडं उलटंपालटं करून पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, "ज्याचं काईच होत नाई, त्याचंच पाहा लागते."

अशा खाष्ट बाईचा एक हळवा उद्योगही होता. नागपूरला दिलेल्या लेकीने त्यांना चांगला फोन घेऊन दिला होता. तो घेऊन काकू दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जात. यातल्या कितीतरी जणींनी तरुणपणी, भिलाईचा स्टील प्लांट उभा राहत असताना, रेजा म्हणजे मजूरणी म्हणून डोक्यावर माती वाहिली होती. घमेलं उचलताना त्या गाणी म्हणत. काकू फोन समोर धरत आणि म्हणत, "म्हन माय." म्हातारी आढेवेढे घेई, चहा मागे आणि मग म्हणे. ती गाणी पुढच्या पिढीत कोणालाही येत नव्हती. आणि म्हाताऱ्या एकेक करून जात होत्या.

फोन भरून बंद पडायला लागला तेव्हा काकू माझ्याकडे आल्या. मी हथखोजच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बिलं करते, म्हणजे आमच्या गल्लीच्या हिशोबाने मी इंजिनिअरच. मी सगळे व्हिडिओ माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतले. पुढे काही दिवसांतच तो फोन कायमचा गेला. आता त्या सगळ्या बाया फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये उरल्या, आणि त्या लॅपटॉपची मान मी चिकटपट्टीने बांधलेली होती.

तिकडे त्यांच्या लेकींचे फोन सुरू झाले. नागपूर, गोंदिया, रायपूर. प्रत्येकीला आपल्या आईचं गाणं हवं होतं. व्हिडिओ इतके जड की फोनवरून जाईनात. चेहरा आणि आवाज सांभाळून व्हिडिओ हलका करणारं सॉफ्टवेअर लागणार होतं. तसली सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि नेमकं तेच मला नको होतं. अनोळखी काहीतरी त्याच लॅपटॉपमध्ये घालायचं आणि त्याने सगळं खाऊन टाकलं तर? मी काकूंना म्हटलं, फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच.

काकूंना ते लागलं. "कावून? आपुन गंज फुकट देतो, त्यात काय रायते मंग?"

मग आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. वस्तीच्या ग्रुपवर कोणीतरी एक लिंक टाकली होती. कुठल्याशा महागड्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकट वाटणं चाललं होतं. खाली सूचना होती की आधी कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस बंद करा, मग हे टाका. अँटिव्हायरस म्हणजे चोर आला तर ओरडणारा राखणदार, असं मी काकूंना सांगितलं.

"म्हंजे पाहुना म्हनते, मी येतो, पहिले तुमचा कुत्रा बांधून ठेवा," काकू म्हणाल्या. "नोको."

दुसरं सॉफ्टवेअर ते बनवणारेच आपल्या साइटवरून फुकट देत होते. आपण कोण, हे का बनवलं, सगळं लिहिलेलं होतं. पण तिथेच लोकांच्या तक्रारीही उघड्या पडल्या होत्या. कोणाचा आवाज चित्राच्या मागे पडतो, कोणाचं काम मधेच अडकतं. त्याखाली बनवणाऱ्यांची उत्तरं होती: ही चूक आमची, ही सुधारली, ही अजून राहिली आहे. मी म्हटलं, जाऊ द्या काकू, यात तर खोटच खोट आहे. त्यांनी मला आणखी तक्रारी वाचायला लावल्या. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत होते आणि त्या हातातली सुपारी विसरून ऐकत होत्या.

"हे आपला पोचा सोताहून दाखवून राहिले," त्या शेवटी म्हणाल्या. "हे घे."

माझीही थोडी अक्कल कामी आली. त्याच नावाच्या नकली साइट्सही होत्या, खऱ्यापेक्षा मोठं बटन लावून बसलेल्या. खरा पत्ता मी अक्षर न् अक्षर तपासून घेतला. पेनड्राइव्हवर मावतील तेवढे व्हिडिओ काढून ठेवले. निम्मेच मावले. बाकीचे देवावर सोडावे तर काकू देव मानत नव्हत्या.

आता आधी एखाद्या व्हिडिओवर प्रयोग करायचा होता. एकाच म्हातारीचं एकच गाणं दोनदा घेतलेलं होतं. त्यातला एक घेऊ म्हटलं तर काकू ऐकेनात. "ते कोनाची माय हाय," एवढंच म्हणाल्या. मग भिंतीचा व्हिडिओ काढते म्हटलं, तर भिंतीला आवाज कुठे असतो!

"माहाच काढ," त्या म्हणाल्या. "बिघडला तर बिघडला."

मी माझा फोन धरला. काकू विहाराच्या पायरीवर बसल्या. पदर सारखा केला, मला फोन सरळ धरायला सांगितला आणि त्याच रेजांच्या गाण्यांतलं एक म्हणायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना गाताना कोणी ऐकलं नव्हतं. आवाज जाडाभरडा होता, पण सुराला पक्का. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरल्या, तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा विसरल्या आणि तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. "झालं, आता बंद कर," म्हणाल्या.

सॉफ्टवेअरने त्यांचा व्हिडिओ कितीतरी हलका करून दिला. मूळचा आणि हलका, दोन्ही मी त्यांना न सांगता आलटून पालटून ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. कोणता कोणता, ते त्यांना ओळखता आलं नाही, आणि मलाही नाही.

मग पुढचे सगळे आम्ही मिळून केले. एक झाला की तो पूर्ण पाहायचा, मगच पाठवायचा, ही काकूंची अट. एकही बिघडला नाही. गोंदियाची एकजण फोनवर रडायला लागली, तर काकू तिलाच रागावल्या, की आधी गाणं पाठ कर, मग रड. जिची आई तिच्या घरी पोचली होती. काकू त्या दिवसांत इतक्या खुशीत होत्या की दोघा नवीन माणसांना त्यांनी पहिल्याच खेपेला गंज देऊन टाकले. मला म्हणाल्या, "माहा पुसून टाकजो आता. उगीच जागा खाऊन राहिला." मी हो म्हटलं. पुसला मात्र नाही. मुद्दाम ठेवला असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर राहून गेला.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. फार आजारी वगैरे पडल्या नाहीत. मला त्यांची आठवण येते, फार येते. भांडी आता विहाराच्या खोलीत कुलपात असतात आणि कोणालाही मिळतात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांची लेक माझ्याकडे आली. म्हणाली, "आईनं साऱ्याइचे व्हिडिओ काढले ताई. तिचा कोनी काढला का?"

मी लॅपटॉप उघडला. काकू पायरीवर बसून गायल्या, विसरल्या, हसल्या. लेकीने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मी हलका केलेला व्हिडिओ तिच्या फोनवर पाठवायला घेतला तर तिने माझा हात धरला.

"हा नोको. मोठा द्या."

मी तिला सांगितलं, की दोन्ही सारखेच आहेत, काहीच फरक कळत नाही, तुझ्या आईनेच पारखून घेतलं होतं.

"नसन कळत," ती म्हणाली. "पन जे कमी केलं, ते बी आईचंच व्हतं ना."

मोठा व्हिडिओ नुसता पाठवून जाण्यासारखा नव्हता. मी वायर आणून तिचा फोन लॅपटॉपला जोडला. कॉपी व्हायला वेळ लागला. तोवर ती फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिली.