घनफळ तेहेतीस टक्के, जिना तेवढाच

चार आया रोज संध्याकाळी गच्चीवर मुलांना गणित शिकवायला बसल्या, की किस्से वाळवणासारखे पसरतात. गोळा करायचे राहूनच जातात! आमच्या नाशिकच्या सोसायटीत त्या वर्षी हेच झालं. माझी मुक्ता सातवीच्या स्कॉलरशिपला बसलेली. मी बी.ए., तेही इतिहासात. टक्केवारी मला फक्त साड्यांच्या सेलमधली कळायची! पोरीची स्कॉलरशिप आपल्यामुळे हुकणार, या धास्तीने मला घास जात नव्हता.

*

"डब्याची प्रत्येक बाजू दहा टक्क्यांनी वाढवली, तर घनफळ किती टक्क्यांनी वाढेल?"

"दहा, दहा, दहा. तीस!" मी ठोकून दिलं.

गाइडमागे उत्तर होतं ३३.१. मी तडक दुकानात. "अहो, छपाईची चूक आहे!"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, सकाळपासून तुम्ही चौथ्या आई."

*

आमच्यातल्या शिंदेवहिनी सायखेड्याच्या. गणित होतं, दहा लिटर मिश्रणात वीस टक्के पाणी, तर दूध किती?

वहिनींनी पुस्तकच मिटलं. "दूध ऱ्हाऊ द्या. आधी गवळी बदला!"

*

अखेर ३३.१ कसं येतं ते मुक्तालाच कळलं, आणि तिने ते आम्हाला शिकवलं. त्याच आठवड्यात चेअरमनकाका म्हणाले, "गच्चीवरची पत्र्याची टाकी गळतेय. नवीन करू, पण पाणी एक तृतीयांश जास्त मावायला हवं."

आम्ही चौघी एका सुरात ओरडलो, "प्रत्येक बाजू दहा टक्के वाढवा!"

अंबडच्या वर्कशॉपमधून टाकी आली, ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकली. वर जाईना, खाली येईना. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर!

"वहिनी, तुमचं गणित बरोबर होतं ना?" काकांनी खालून विचारलं.

"अगदी बरोबर होतं हो!" मी वरून रडवेली.

सकाळी मुक्ताला टाकीवरून पलीकडे उतरवलं. कंपासपेटी, हॉलतिकीट, दहीसाखरेची वाटी, सगळं टाकीवरूनच गेलं.

दुपारी ती परत आली. टाकीपलीकडूनच म्हणाली, "आई, पेपर सोपा होता. एकच गणित सोडलं."

मी टाकीवर ओणवी झाले. "कुठलं गं?"

"टाकीचं. बाजू दहा टक्के वाढवायचं."

"अगं, ते तर तुला येत होतं!"

"येत होतं. पण त्यांनी जिन्याचं माप दिलंच नव्हतं!"