कॅमेऱ्यासमोरची संमती

"किती जणांबरोबर झोपलीस?"

डॉक्टरनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, वय नाही. पडद्याआड टेबलावर मी पाय दुमडून पडले होते. भोवती पाच शिकाऊ पोरंपोरी. एकीनं हसू दाबलं.

"नवरा सोडून कोण न्हाय," मी म्हणाले.

"सगळ्या हेच सांगतात," तो पोरांकडं बघून म्हणाला आणि हातमोजे काढून गेला.

हर्पीस. खालच्या जागी फोड, लघवीला गेलं की आग. मुळातून जात नाही, परत परत उठतो. नवऱ्याला तो माझ्याआधी झाला होता. त्यानं लपवलं. मी आत झोपले होते तेव्हा तो बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. कोडोलीला घरी आल्यावर सासूनं ताट वेगळं केलं. माझं. त्याचं नाही.

सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यातून फोन आला. नव्या लसीची चाचणी होती. आजार झालेल्यांना लस देऊन फोड कमी होतात का, ते बघणार होते. मला ती लस हवी होती. त्या आगीतून सुटायला मी काहीही केलं असतं. गेले.

अशा चाचणीत संमती कॅमेऱ्यासमोर घेतात. माणसाला सगळं समजावून सांगितलं, याचा तो पुरावा. समोर तोच डॉक्टर होता. त्यानं मला काहीच सांगितलं नाही. इंग्रजी कागद पुढं सरकवला आणि नवऱ्याला म्हणाला, "पावणं, हिला एवढंच म्हणायला लावा, समजलं, मंजूर आहे."

"म्हण की गं," नवरा म्हणाला.

नर्स हळूच म्हणाली, "ताई, एकदा चालू झालं की ह्यातलं काय पुसता येत न्हाय."

कॅमेरा चालू झाला. मी बोलले.

"मला काय बी समजावलं न्हाय. कागद इंग्रजीत हाय. ह्या डॉक्टरनं मला पाच पोरांच्यात इचारलं, किती जणांबरोबर झोपलीस. आजार मला नवऱ्यानं दिलाय. त्यो हितंच बसलाय. माझी संमती न्हाय."

"बंद कर! बंद कर ते!" डॉक्टर ओरडला. तेही कॅमेऱ्यात गेलं. नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

कागदाच्या शेवटी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीचा नंबर होता, नर्सनं बोट ठेवून दाखवला. आकडे मला वाचता येतात. मी फोन लावला.

डॉक्टरचा माणूस घरी येऊन गेला. "मिटवून टाका. लस देतो," म्हणाला. त्या दिवशीही फोड उठले होते. नीट बसता येत नव्हतं. उभ्यानंच मी त्याला दार दाखवलं.

समितीनं रेकॉर्डिंग मागवलंय. सोमवारी मला बोलावलंय. तोंडाला स्कार्फ न बांधता जाणार आहे. त्यांना मी एकच गोष्ट मागितलीय, त्या पाच पोरापोरींनाही बोलवा. डॉक्टरनं माझी अब्रू त्यांच्यादेखत काढली. त्याचीही त्यांच्यादेखतच काढणार.