मी नापास केलेला समुद्र

समुद्र पारखणं मला उपजतच येतं. गेल्या दिवाळीपर्यंत मी तो पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण अमरावतीत राहून तीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या नोकरीत तलावांची पातळी मोजली (समुद्र म्हणजे तरी काय, मोठा तलावच!). म्हणून त्या दिवाळीत आईला समुद्र दाखवायला कोकणात निघालो, तेव्हा किनारा मीच निवडणार, हे अकोला यायच्या आतच जाहीर करून टाकलं.

आईचं मागणं एकच होतं. "बाबू, माह्ये पाय एकडाव समुद्रात बुडले पायजे."

आई भातकुलीची. वय ऐंशीच्या घरात आणि गुडघे अंगणापुरतेच उरलेले. त्यामुळे पाणी रस्त्याला लागूनच हवं होतं.

सकाळी पोचलो, तर किनारा भाड्याच्या खोलीसमोरच! पण पाणी पार तिकडे, दूर. मधे नुसती ओली वाळू. मी कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "इथं साठाच नाई. मे मयन्यातला तलाव आहे हा."

"अवो, कोनाले इचारून तं पाहा," बायको म्हणाली.

"तीस वर्षं पानी मोजलं मी. मले पानी शिकवतं काय?"

घरमालक म्हणाला, "दुपारपर्यंत थांबा, साहेब." हा जेवणाच्या ऑर्डरसाठी थांबवतोय, हे मी लगेच ओळखलं.

वाळूच्या कडेला, नारळाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवलं, बायकोला सोबत ठेवलं आणि गाडी काढली. दुसऱ्या किनाऱ्यावरही पाणी दूरच. तिसऱ्यावर सगळे खडक. चौथा बरा होता, पण खाली उतरायला साठ पायऱ्या (मी मोजल्या, दोनदा). पाचव्यावर मात्र लाटा थेट रस्त्याच्या कठड्याला थडकत होत्या. तेव्हा तीन वाजले होते. पाण्याची चव घेतली, खारट निघाली. बायकोला फोन लावला.

"सापडला! शंभर टक्के भरलेला आहे. आईले तयार ठेव."

"तुमी याच आता," ती म्हणाली आणि हसली.

धापा टाकत परतलो. आई त्याच खुर्चीत होती. लुगडं पोटरीपर्यंत वर धरलेलं, आणि घोट्यांवरून लाटा येत-जात होत्या. बायकोने मागून खुर्ची धरली होती. सकाळी मी नापास केलेला समुद्र चालत आईपर्यंत आला होता.

"भरती," घरमालक हळूच म्हणाला.

आईचा चेहरा पाहून माझे डोळे भरून आले. लाजही वाटली, पण तेवढी नाही.

आता ती शेजारणींना छाती फुगवून सांगते, "माह्या पोरानं पाहा, पाच किनारे पायले अन् मले बराबर जागी बसवलं. त्याले पान्यातलं सारं समजते." बायको तेवढ्यात स्वयंपाकघरात मोठ्याने खोकते. मी मात्र मान डोलावतो. आईच्या शब्दाबाहेर मी आजवर गेलेलो नाही, आताच कशाला जाऊ?