पहिल्या घावाचा मान

येसाजी उतेकर अमेरिकेला जाऊन आला, हे आमच्या भागात आता जुनं झालं. पण तिथे जाऊन तो नेमकं काय करून आला, हे विचाराल तर पोलादपुरात दहा माणसं अकरा गोष्टी सांगतील. महाडच्या बाजारात तर मी असंही ऐकलंय, की त्याला तिथे एक गोरी मडम सांगून आली आणि हा गाईंच्या गोठ्यात लपून बसला. साफ खोटं. मडम सांगून आली नव्हती. गोठ्याचं मात्र खरं आहे, पण त्यात येसाजी बसला नव्हता, दुसरंच कुणीतरी रुसून बसलं होतं.

येसाजी उमरठच्या खोऱ्यातला. घरी भात, नाचणी, वरी, चार म्हशी आणि बाप मालोजी. बापाचं नाव म्हशींनंतर घेतलं म्हणून रागावू नका, घराची मोजदाद मालोजी स्वतःच त्या क्रमाने करायचा. पोरगा हुशार निघाला. महाडला एका नातेवाइकाच्या पडवीत राहून मॅट्रिक झाला, पुढे शेतकी शाळेत गेला. अठ्ठावन्न साली शेतकी विद्यार्थ्यांची अदलाबदल निघाली होती. तिकडचा पोरगा इकडच्या शेतकऱ्याच्या घरी वर्षभर राहणार, इकडचा तिकडे. मुंबईला मुलाखतीत साहेबाने विचारलं, ‘‘अमेरिकेत काय शिकणार?’’ हा म्हणाला, ‘‘ते बघितल्यावर सांगतो.’’ बाकीचे पाठ करून आले होते, ते राहिले. हा निवडला गेला.

जाताना आई राहीबाईने देवापुढे बसवून दोन शपथा घेतल्या. गाय खायची नाही आणि थंडीत टोपी काढायची नाही. शेजारची आनंदीबाई उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, ‘‘जातो तो येत नाय गो राही. नि आला तर वळखत नाय.’’ राहीबाई म्हणाली, ‘‘तुला नाय वळखला तर बरंच होईल.’’

आता बोट सुटायच्या आधी आमच्या शिमग्याविषयी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. होळीला सावरीचं झाड तोडून आणतात. त्यावर पहिला घाव घालायचा तो मानकऱ्याच्या घराने, मग बाकीच्यांनी. मानकरी आजारी असो, आंधळा असो, त्याचा हात लागल्याशिवाय दुसऱ्याची कुऱ्हाड उठत नाही. येसाजीच्या वाडीत एकदा घाईघाईत भलत्याचाच कोयता आधी लागला. त्या वर्षी वाडीत दोन होळ्या पेटल्या आणि दोन घरांनी अकरा वर्षं एकमेकांच्या ओटीवर पाय ठेवला नाही. त्यातल्या एका घराची मुलगी दुसऱ्या घराच्या सुनेची सख्खी बहीण होती. दोघी नदीवर धुणं धुताना बोलायच्या, तेही दगडाकडे बघून.

उतेकरांच्या घराकडे मान होता, पण फांद्या ओढायचा. झाड पडेपर्यंत मागे उभं राहायचं, पडलं की ओढायचं. मालोजीने हयातभर ओढल्या. दर शिमग्याला घरी येऊन हातापायांवरचे ओरखडे धूत म्हणायचा, ‘‘एकदा तरी कुराड आपल्या घराच्या हातात यायला हवी होती.’’ येसाजी ते ऐकत मोठा झाला.

तर असा हा फांद्या ओढणारांचा पोरगा विस्कॉन्सिन नावाच्या मुलखात, चाळीस गाईंच्या एका शेतावर जाऊन पोचला. घरधनी कार्ल, त्याची बायको मार्था आणि कार्लचा बाप गुन्नार. हा म्हातारा तरुणपणी नॉर्वेहून आलेला, अठ्याहत्तर वर्षांचा, भिंतीसारखा रुंद. येसाजी त्याला ‘आजा’ म्हणायचा आणि म्हातारा त्याला ओ द्यायचा. मार्थाने येसाजीची शपथ ऐकली आणि त्याच्या पुढ्यात वर्षभर अंडी, बटाटे आणि घेवडा वाढला. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. राहीबाईने पुढे तिचं नाव कुलदैवतापुढे घेतलं, ‘मारुता’ असं.

एक खुलासा करतो. येसाजी ही गोष्ट सांगतो तेव्हा अमेरिकेतली सगळी माणसं पोलादपुरी बोलतात. मी एकदा म्हटलं, ‘‘अरे, ती इंग्रजीत बोलली असतील ना?’’ तर म्हणतो, ‘‘बोलली इंग्रजीतच, पण अर्थ हाच हुता.’’ तेव्हा तुम्हीही तसंच ऐका.

डिसेंबर आला. गुडघाभर बर्फ. या घराची रीत अशी, की नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या रानात जायचं, सूचीपर्णी झाड तोडायचं, घरात आणून उभं करायचं आणि नटवायचं. झाड घरात घेतात हे ऐकून येसाजीने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग पेटवता कधी?’’ मार्थाच्या हातातला कप पडायचा राहिला.

पन्नास वर्षं त्या झाडावर पहिला घाव आज्याचा. त्या साली मात्र आजा शिडीवरून पडला होता, उजवा खांदा कामातून गेलेला. जेवणाच्या टेबलावर कार्ल म्हणाला, ‘‘बा, उद्या तू शेगडीपाशी बस. झाड येसाजी पाडंल. पावना हाय, त्याला मजा वाटंल.’’

आजा म्हणाला, ‘‘बरं.’’

मार्था म्हणाली, ‘‘झकास!’’

कार्लला आणि मार्थाला तो होकार वाटला. येसाजीच्या घशात मात्र बटाटा अडकला. पंचाईतीत म्हातारी माणसं ज्या आवाजात ‘बरं’ म्हणून उठतात आणि मग अकरा वर्षं येत नाहीत, तोच तो आवाज होता.

सकाळी त्याने बघितलं, तर आजा छपरीत एकट्या डाव्या हाताने कुऱ्हाडीला धार लावत होता. अंगठ्याने पातं तपासलं, दांड्याला तेल चोळलं, आणि कार्लकडे न बघताच कुऱ्हाड पुढे केली. ‘‘माझा पाय दुखतोय,’’ म्हणाला, ‘‘मी गुरांपाशी बसतो.’’

‘‘दुखतो तर खांदा ना?’’ येसाजीने कार्लला विचारलं.

‘‘म्हातारपण रे. रोज नवं कायतरी दुखतं.’’

कार्ल, मार्था आणि येसाजीला घेऊन ट्रॅक्टर रानाकडे निघाला. कुऱ्हाड येसाजीच्या मांडीवर. ‘‘खरं सांगू?’’ येसाजी मला म्हणाला होता, ‘‘हात शिवशिवत हुते. वाटलं, बा इथं हवा हुता बघायला.’’ आणि त्याच वेळी त्याला हेही कळत होतं, की आपण म्हाताऱ्याच्या घरचं इतके महिने खाऊन आता त्याचा मान खाणार. साता समुद्रापलीकडे कुणी बघायला नव्हतं. वाडीत कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तर उलट शाबासकीच मिळाली असती.

कार्लने झाड दाखवलं. पुरुषभर उंच, भरदार. ‘‘मार की!’’

येसाजी उभाच.

कार्लला वाटलं, याला कुऱ्हाड धरता येत नाही. ‘‘अशी धर,’’ म्हणून शिकवायला लागला. पोलादपूरच्या माणसाला! येसाजीने तेवढं सोसलं आणि म्हणाला, ‘‘ह्यो मान माजा नाय.’’

‘‘मान कसला? लाकूड हाय ते.’’

‘‘आज्याला इचारलंत का?’’

‘‘विचारलं की! बरं म्हणाला.’’

येसाजीने कुऱ्हाड झाडाला टेकवून ठेवली आणि बर्फातून घराकडे चालायला लागला. मागून मार्था हाका मारतेय, कार्ल म्हणतोय पावण्याला कोण कायतरी लागट बोललं का, आणि हा आपला चाललाय, टोपी घट्ट धरून.

आजा गोठ्यात दुधाच्या कॅनवर बसला होता, गाईकडे बघत. गाय त्याच्याकडे बघत.

‘‘कुणी पाठवलं तुला?’’

‘‘कुणी नाय. चला, झाड तोडायचंय.’’

‘‘तुला दिलंय ना कार्लनं?’’

‘‘दिलं. पण ते त्याचं नव्हतंच द्यायला.’’

आज्याने उजवा खांदा चाचपला. म्हणाला, ‘‘माझा हात वर जात नाय, पोरा.’’

‘‘वर कशाला जायला हवा? आमच्यात मानकरी हात लावतो, बोटभर खाच पाडतो. झाड काय, कुणीबी पाडतं. पर त्याचा हात लागला नाय तर ते झाड होळीचं न्हवं. नुसतं सरपण.’’

‘‘तुमच्यातबी हाय हे?’’

‘‘हाय म्हंजे? कोर्टापर्यंत गेल्यात लोकं.’’

म्हाताऱ्याने मान हलवली, जणू आता कुठे शहाण्या माणसांचा देश सापडला. उठला. पाय अजिबात दुखत नव्हता. घरात जाऊन कोट घातला, केस विंचरले, वर टोपी घातली, आणि येसाजीच्या खांद्यावर हात ठेवून निघाला. रानात पोचला तेव्हा कार्ल काहीतरी बोलायला गेला. आज्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. झाडाभोवती एक फेरी मारली, ‘‘ह्ये वाकडं हाय,’’ म्हणून शेजारचं निवडलं. मान म्हणजे हेही आलंच.

येसाजीने कुऱ्हाड दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली. आज्याने डाव्या हाताने ती घेतली. येसाजीने दांड्याला खालून आधार दिला, आणि घाव बसला. बोटभर खाच पडली. आजा मागे सरकला, छाती पुढे काढून म्हणाला, ‘‘हां. आता चालू द्या.’’

मग कार्लने आणि येसाजीने मिळून झाड पाडलं. आणि ते कडकडत बर्फात आडवं झालं, त्याच क्षणी येसाजीने तोंडावर उलटा हात मारून सणसणीत बोंब ठोकली. ठरवून नाही, सवयीने. अख्ख्या रानातले कावळे उडाले. मार्थाने छातीवर हात ठेवला. कार्लला वाटलं झाड पायावर पडलं.

‘‘हे काय रे?’’ आज्याने विचारलं.

‘‘झाड पडलं की आमच्यात आसं करत्यात.’’

‘‘का?’’

येसाजी विचारात पडला. वाडीत हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. ‘‘ठावं नाय,’’ म्हणाला. ‘‘आदीपासून करत्यात.’’

‘‘मग बरोबरच असंल,’’ आजा म्हणाला, आणि त्या अठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने डावा हात तोंडाशी नेऊन अशी बोंब मारली, की येसाजी म्हणतो, आमच्या वाडीत असती तर पहिल्या पाचांत धरली असती.

घरी परतताना कार्ल ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला आणि बापाजवळ आला. ‘‘बा,’’ म्हणाला, ‘‘मला ठाऊक नव्हतं रे.’’

‘‘तुला कसं ठाऊक असणार?’’ आजा म्हणाला. ‘‘तू अमेरिकेत वाढलास.’’

त्या संध्याकाळी टेबलाच्या टोकाला आजा बसला आणि उजव्या हाताला त्याने येसाजीला बसवलं. शेजारच्या शेतांवरून आलेल्या प्रत्येकाला त्याने झाडाची खाच दाखवली, आणि मग येसाजी.

येसाजी पुढच्या उन्हाळ्यात परत आला. ओटीवर माणसं जमली. बोट, यंत्रं, दूध, सगळं सांगून झालं, आणि मग झाडाची गोष्ट निघाली. ती संपली तेव्हा मालोजी खांबाला टेकून बसला होता. म्हणाला, ‘‘म्हंजे कुराड तुज्या हातात आली हुती.’’

‘‘आली हुती.’’

‘‘आन् तू परत दिलीस.’’

‘‘दिली.’’

या बापाने जन्मभर कशाची वाट बघितली ते सगळ्यांना माहीत होतं. मालोजीने पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, परत डोक्याला घातलं. आणि उठून म्हशींना पाणी दाखवायला गेला. राहीबाई मागून बघून आली. म्हणाली, ‘‘रडतोय. पन रागानं नाय.’’

दुसऱ्या दिवशीपासून ही गोष्ट मालोजीच्या ताब्यात गेली. पोलादपूरच्या बाजारात, भाताच्या गिरणीवर, महाडच्या एस.टी. स्टँडवर, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे तो सांगायचा. त्याच्या तोंडून मी ती निदान वीस वेळा ऐकली. दर खेपेला बर्फ वाढायचा. गुडघ्यापासून कमरेपर्यंत आला, कमरेपासून छातीपर्यंत. झाडही वाढत वाढत शेवटी प्रतापगडच्या बुरुजाला लागलं, आणि बघायला गोऱ्यांची सगळी तालुक्याची माणसं. मी म्हणायचो, ‘‘मालोजी, जरा कमी कर.’’ तो म्हणायचा, ‘‘तुमी गेलावतात का तिथं?’’

पण शेवटचं वाक्य त्याने कधी वाढवलं नाही, की कमी केलं नाही. तिथे आला की आवाज खाली यायचा आणि पाठ ताठ व्हायची. ‘‘दुसऱ्याचा मान हातात दिला हुता माज्या पोराच्या,’’ म्हणायचा. ‘‘त्यानं ज्याचा त्याला दिला.’’